गोंद्याची हेमलता

कुरिअरच्या खोक्यावरचं नाव मी खोकं फेकण्याआधी काळ्या नेलपॉलिशने रंगवून टाकत असे.

*

नाशिकला, अंबडच्या एका भिंतीवरची पाटी: महिला पाहिजेत. वय १८ ते ३२. आधार व जुना पीएफ नंबर आणणे. वाद घालणाऱ्यांनी येऊ नये.

*

"मॅडम, बँकेतून बोलतोय."

"कुठल्या?"

"तुमच्या."

"माझी बँक असती तर पोळ्या सोडून तुझ्याशी बोलत बसले असते का? ठेव."

*

शैलाताईंना सुईत दोरा ओवता येत नाही. चष्मा लावूनही नाही.

*

चाळीसगावला एका घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, एका बाईची सगळी कागदपत्रं होती. बाई तिथे नव्हती.

*

सासूबाई म्हणायच्या, घरात कुलूप एकच असावं. दोन झाली की संशय वाढतो.

*

ते मास्कचं वर्ष होतं. बायका डोळ्यांपाशी सुरू होत आणि डोळ्यांपाशीच संपत.

*

"तुम्ही आधीच नोकरीत आहात," तांबट म्हणाले.

तांबट म्हणजे नव्या कंपनीतले भरतीचे साहेब. कंपनी सिरिंज बनवणारी, जागा कायमची, आणि माझी निवड झालेली. फक्त कागद तपासायचे राहिले होते. साहेबांनी टेबलावर मधोमध सॅनिटायझरची बाटली देवासारखी मांडली होती आणि माझ्या प्रत्येक वाक्यानंतर ते तिचं तीर्थ घेत होते.

"मी नोकरीत?"

"हेमलता भूषण खैरनार. गोंदे गावात, एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे. दिवाळीपासून तुमच्या नावावर पीएफ जमा होतोय."

"दिवाळीपासून मी घरात बसून लसूण सोलतेय."

"रेकॉर्ड तसं म्हणत नाही."

"रेकॉर्डला म्हणावं, येऊन माझ्या बोटांचा वास घे."

साहेबांनी तीर्थ घेतलं. "दोन ठिकाणी नाव असलेली बाई आम्हाला चालत नाही. शनिवारपर्यंत तिथून सुटल्याचं पत्र आणा. पर्मनंटची जागा आहे, मॅडम. तुमच्यामागे किती जणी उभ्या आहेत, बाहेर बघा."

बाहेर पाहिलं. होत्या. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, आणि माझं कधी बिनसतंय याची वाट.

*

स्विचगिअरच्या कारखान्यात मी सात वर्षं स्प्रिंगा बसवल्या. लॉकडाउननंतर मालकाने लाइन बंद केली आणि आम्हा बायकांना एकेक साडी आणि एकेक नमस्कार देऊन घरी पाठवलं. साडीचा रंग पहिल्या धुण्यात गेला. नमस्काराला रंग नव्हताच.

पैसा आटला तसे चोर वाढले. आमच्या लाइनवरच्या सुनंदाचा सगळा पीएफ एका फोनवर गेला. ती फोनवरच्या माणसाला शेवटपर्यंत 'दादा' म्हणत होती. तेव्हापासून मी पेटले. आधारची झेरॉक्स द्यायची वेळ आली तर तिच्यावर आडवं लिहायचं: 'फक्त गॅसजोडणीसाठी', खाली तारीख. दुकानदाराच्या मशीनमध्ये एखादी प्रत राहिली तर ती काढून फाडायची. आधारचे अंगठेसुद्धा मी ऑनलाइन कुलूपबंद करून टाकले.

"तुझ्या नावाला काय सोनं लागलंय?" भूषण हसायचा.

भूषण माझा नवरा. शाळेची व्हॅन चालवायचा. शाळा बंद पडल्यावर व्हॅनमधून त्याने एक आठवडा भाजी विकली आणि मग ते त्याला कमीपणाचं वाटू लागलं. मी केलेली भाजी बसून खाण्यात कमीपणा नव्हता. घर सासूबाईंच्या पेन्शनवर आणि शैलाताईंच्या कमाईवर चाललं होतं. शैलाताई म्हणजे भूषणची थोरली बहीण, चाळीसगावचं सासर सोडून नेसत्या साडीनिशी परत आलेली. गंगापूर रोडला एका बाईच्या कारखान्यात मास्क शिवायला जाते, असं मला सांगण्यात आलं होतं.

मी तांबटांकडून आले ते सरळ घरात जाऊन ओरडले. "माझं नाव चोरलंय कुणीतरी!"

"सिस्टीमची चूक असेल," भूषण म्हणाला. मान मोबाइलमध्येच.

"सिस्टीम दर महिन्याला चुकते? न चुकता?"

"मग दुसरी नोकरी बघ ना. हीच कशाला?"

"कारण ही मिळालीये, भूषण. मिळालेली नोकरी कशी असते ते तू विसरला असशील."

सासूबाई देवघराकडे बघून म्हणाल्या, "शनिवारी संकष्टी आहे. शनिवारी नाहीच जाऊ कुठे."

शैलाताई मोरीत भांडी घासत होत्या. भांडी त्या दिवशी फार लख्ख निघाली.

*

पोलीस चौकी.

"किती गेले?" हवालदार.

"गेले नाहीत. आले."

"म्हणजे?"

"माझ्या नावावर कुणीतरी नोकरी करतंय. माझा पीएफ भरतंय."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "ताई, सकाळपासून इथे रडणाऱ्यांची रांग आहे. यांच्या खात्यातून गेले, त्यांच्या खात्यातून गेले. आणि तुमच्या खात्यात चोर भरतोय?"

"हो."

"मग त्याला माझाही नंबर द्या की."

बाकावर बसलेले सगळे हसले. ज्याचं खातं कालच साफ झालं होतं तोसुद्धा हसला. दुसऱ्याची फजिती बघायला मिळाली की आपलं निम्मं नुकसान तिथल्या तिथे भरून निघतं.

तक्रार कुणी लिहून घेतली नाही. म्हटलं, ठीक आहे. मग मीच मला शोधून काढते.

*

कॉन्ट्रॅक्टरचं नाव तांबटांनी दिलं होतं. त्याच्या बायका कुठल्या कारखान्यात जातात ते पाथर्डी फाट्यावरच्या चहावाल्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोंद्याला त्या गेटापाशी उभी होते.

"हेमलता खैरनार आहे का आत?"

"पॅकिंगची ना?" वॉचमन म्हणाला. "काय काम?"

"घरून आलेय."

त्याने फोन उचलला. "पॅकिंगमधून हेमलताला पाठवा. घरचं कुणी आलंय."

स्वतःला निरोप पाठवून स्वतःची वाट बघत उभं राहायला फारसं काही लागत नाही. एक झाड लागतं, सावलीपुरतं.

"कशी आहे हो ही हेमलता?" मी विचारलं.

"चांगलीये बाई. बाकीच्यांसारखी फटकळ नाही. कुणी काही बोललं तरी मान खाली घालून ऐकून घेते."

माझ्या नावाची एवढी बदनामी आजवर कुणी केली नव्हती.

मग ती आली. डोक्यावर निळी टोपी, तोंडावर मास्क, गळ्यात ओळखपत्र. ओळखपत्रावर मी. फोटोतली मी त्या अंगावर इकडे तिकडे हलत होते. चेहरा दिसत नव्हता, पण गरजच नव्हती. कोपरं अंगाला चिकटवून चालणारी बाई मी एकच पाहिली आहे. फार दिवस मार खाल्लेलं माणूस तसं चालतं, बरगड्या सांभाळत.

शैलाताई माझ्यापासून चार हातांवर थांबल्या.

"कोण गं या, हेमलता?" वॉचमनने विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरासुद्धा अडखळल्या नाहीत.

"माझ्या नणंदबाई," त्या म्हणाल्या.

नाव घेतलं होतं, त्यावर नातंही घेतलं. पूर्ण संच.

"घरी बोलू या, ताई," त्या मला म्हणाल्या. मला, ताई!

मी जवळ गेले. "कुणाच्या घरी? तुमच्या की हेमलताच्या?"

"गेटवर नको. तुझ्या पाया पडते."

"अजिबात पडू नका. हेमलता कुणाच्या पाया पडत नाही. तेवढं तरी नीट करा."

वॉचमनला काहीतरी शिजतंय एवढं कळलं असावं. तो म्हणाला, "घरातली भांडणं घरात बरं का." मग शिट्टी वाजवून त्याने एका ट्रकला आत घेतलं. शैलाताई तेवढ्यात वळून गेल्या. त्यांची कामाची पाळी संपायची होती. त्यांची म्हणजे माझी.

*

घरी. संध्याकाळ. बोलणं जसं झालं तसं:

सासूबाई: घरातली वस्तू घरातच राहिली. बाहेर तर नाही ना गेली?

मी: वस्तू? नाव म्हणजे काय बादली आहे, मोरीत जाणाऱ्याने कुणीही उचलावी?

भूषण: आवाज कमी कर. शेजारी ऐकतील.

मी: ऐकू देत. कुठली हेमलता ओरडतेय ते त्यांना तरी कळू दे.

सासूबाई: हिला कागदाशिवाय कुणी दारात उभं करत नव्हतं. हिचे कागद चाळीसगावला. ते मेले देतात होय? नांदायला ये म्हणतात, मग देतो.

मी: कागद सासरी राहिले. अंगठाही सासरीच राहिला का?

सासूबाई: म्हणजे गं?

मी: आधारच्या केंद्रावर अंगठा टेकवला की नवीन कार्ड निघतं. हे कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं.

सासूबाईंनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या: तिथे रांग असते.

रांग असते! म्हणून माझं कपाट. एका बाईचं अख्खं अस्तित्व उचललं, कारण ते वळणावर होतं आणि तिथे रांग नव्हती.

"आणि वय?" शैलाताई पहिल्यांदाच बोलल्या. "पाटीवर बत्तीस लिहिलंय. मी अडतीसची. बत्तीसच्या आतलं वय कुठल्या केंद्रावर मिळतं, तेवढं सांग हेमा. रांग असली तरी उभी राहते."

राग तसाच राहिला. राग उत्तरावाचून अडून राहत नाही.

हळूहळू सगळं बाहेर आलं. आधार आणि पॅन कपाटातून काढून दिले सासूबाईंनी. मास्क शिवण्याची गोष्ट रचली त्यांनीच. पीएफचा नंबर माझ्या जुन्या पगारपत्रकावरून शोधून दिला भूषणने. कारण कॉन्ट्रॅक्टरला जुन्या नंबरची बाई हवी होती, नवा काढण्याचे कष्ट नकोत.

"पण त्याला ओटीपी लागतो," मी म्हणाले. "ओटीपी मी कुणालाच..."

वाक्य तिथेच थांबलं. सोफ्यावर भूषणचा मोबाइल टिंग वाजला होता. कसली तरी जाहिरात होती. पण मला सगळं एकदम ऐकू आलं.

लग्नानंतर मी आधारवरचं नाव बदलायला गेले तेव्हा समोरच्याने विचारलं, मोबाइल नंबर? भूषणने स्वतःचा सांगितला. आमच्यात तसंच असतं. सासूबाईंच्या कार्डाला त्याचा नंबर, गॅसला त्याचा, माझ्या पीएफलाही त्याचाच. घरातला कर्ता पुरुष! मी झेरॉक्सवर आडवं लिहीत होते, अंगठ्यांना कुलपं घालत होते, आणि कुलूप घालतानासुद्धा त्यालाच विचारत होते, "ओटीपी आला का बघ रे." तो बघायचा. सांगायचा. साऱ्या नाशिकच्या चोरांपासून मी जपलेलं नाव सोफ्यावर चार्जिंगला लावलेलं होतं.

"एक तरी पगार येतोय ना घरात?" भूषण म्हणाला. "नाव तुझं आहे, म्हणजे तुझाच पगार समज. तू घरी आराम कर."

"आणि माझी पर्मनंट नोकरी?"

"ती काय, अजून लागायचीये. ही लागलेली आहे."

त्या घरात दोन-दोन हेमलता होत्या आणि एक भूषणसुद्धा पुरता नव्हता.

*

राजीनामा मी स्वतः लिहिला. मी, हेमलता भूषण खैरनार, घरगुती कारणास्तव. कारण घरगुती होतंच.

कॉन्ट्रॅक्टर गांगुर्डेचं ऑफिस पाथर्डी फाट्यावर, चिकनच्या दुकानाच्या वर. खालून कोंबड्यांचा आवाज येत होता आणि वर हे गृहस्थ दात कोरत बसले होते. त्यांनी माझा कागद घेतला, आपल्याकडचा एक कागद काढून शेजारी धरला आणि मान हलवली.

"सही जुळत नाही."

"माझीच सही आहे."

"आमची हेमलता अशी करत नाही. ती खाली रेघ मारून दोन टिंबं देते."

"आमची हेमलता मी आहे." मी मास्क काढला, मूळ आधारकार्ड टेबलावर आपटलं.

त्यांनी कार्ड पाहिलं, मला पाहिलं. "आधारचा फोटो काय बघायचा, ताई? त्यात सगळेच धरून आणल्यासारखे दिसतात. मी सहीवर चालतो."

"मी खोटी आहे का मग?"

"खऱ्या असाल. पण माझ्याकडे कामाला आहे ती हेमलता तुम्ही नाही. उद्या ती येऊन बसली माझ्या उरावर, माझी नोकरी कुणी घालवली म्हणून, तर?"

त्या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. खरोखर बत्तीसच्या आतली बाई त्याच्याकडे एखादीच असेल. बाकी सगळ्या कुणाच्या तरी वहिनी, भाच्या, सुना. खोट्या माणसांचा धंदा करणारा माणूस सहीच्या बाबतीत इतका सोवळा असतो, हे मी तिथे शिकले.

"तिला सही करायला लावा," ते दातातलं काहीतरी तपासत म्हणाले. "पत्र लगेच देतो. पण गाजावाजा नको. गाजावाजा झाला तर तुमच्याच घरातलं माणूस आत जाईल, माझं काय?"

म्हणजे माझ्या सहीने माझी सुटका होणार नव्हती. चोराची सही लागणार होती.

*

शुक्रवार. शैलाताई पाळीवरून आल्या होत्या, पायऱ्या चढून दम लागलेला. सासूबाई देवळात. भूषण भूषणसारखा कुठेतरी. मी ओट्यावर कागद ठेवला.

"सही करा."

"नाही केली तर?"

"तर परत चौकीत जाईन. या वेळी चोराचं नाव सांगेन."

"भूषणही अडकेल."

"अडकू दे. निदान कुठेतरी त्याची हजेरी लागेल."

त्यांना हसू आलं. मास्क नव्हता, त्यामुळे दिसलं. पुढचा एक दात तुटलेला आहे त्यांचा. तो चाळीसगावलाच राहिला.

त्या पाटावर बसल्या. "तुला एक सांगू? इतके महिने त्या गेटात मला कुणी शैला म्हणून हाक मारली नाही. ती हाक आली की माझं अंग आधी आक्रसतं. हेमलता म्हटलं की नाही व्हायचं तसं. वाटायचं, दुसरीला बोलावतायत. जाऊन बघू या काय म्हणतात."

"वॉचमन म्हणाला, हेमलता मान खाली घालून ऐकून घेते."

"शिकत होते गं. तुझ्यासारखं बोलायला वेळ लागतो."

"आता नका शिकू. सही करा."

मला वाटलं रडतील. मी त्याचीही तयारी करून आले होते, पाझरायचं नाही म्हणून. त्या रडल्या नाहीत. पदराला हात पुसले, पेन घेतलं आणि हात न उचलता माझं नाव लिहिलं, खाली रेघ, दोन टिंबं. माझ्यापेक्षा सुबक. माझ्या नावाला इतकी सवय लागलेली होती त्यांची.

"उभं राहून सुजले ते पाय माझे होते," त्या म्हणाल्या. "तेवढं लक्षात ठेव."

"ठेवीन."

आणखी काही बोलायला हवं होतं. पण आभार कुणी कुणाचे मानायचे हे दोघींनाही ठरवता येईना, म्हणून आम्ही चहा टाकला. दोघींपुरताच.

*

शनिवारी तांबटांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि सॅनिटायझर घेतलं. त्या पत्रावरचं एकूण एक वाक्य खोटं होतं. रेकॉर्ड आता स्वच्छ आहे, असं ते म्हणाले.

मी सोमवारी कामावर हजर झाले. पहिल्या पगारातून माझ्या नावाचं सिमकार्ड घेतलं आणि आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून आले. रांग होती. तासाभरात संपली. त्या घरातून मी पुढच्या वर्षी बाहेर पडले. भूषणला कारण समजलं नाही. त्याने सगळ्यांना सांगितलं, पर्मनंट झाल्यापासून तिचं डोकं फिरलं.

शैलाताई कामटवाड्यात तीन घरी स्वयंपाक करू लागल्या. तिथे कुणी कागद मागत नाही, नावही विचारत नाही. सगळे त्यांना 'ताई' म्हणतात. त्यांच्या महिन्यांचा पीएफ माझ्या खात्यात आहे. त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही.

मास्क शिवायला म्हणून त्या गोंद्याच्या बसमध्ये पहिल्यांदा चढल्या, त्या सकाळी त्यांचा डबा मी भरून दिला होता. शेपूची भाजी, पोळ्या, आणि लोणचं वेगळ्या डबीत, तेल पोळ्यांना लागू नये म्हणून.